क्वालिटीवाले शेजारी

थेरगावात आमच्या समोर राहणारे गृहस्थ चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत, आणि घरीही ते क्वालिटीलाच असतात. भाजीवाल्याची वांगीसुद्धा उजेडाकडे धरून बघतात आणि म्हणतात, "रिजेक्ट." त्यांच्या तोंडून 'पास' ऐकलेला माणूस आमच्या सोसायटीत नाही.

बायको सेकंड शिफ्टला असते, म्हणून तिची मालिका ते टीव्हीवरून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करतात. फॉरमॅट कुठला घ्यावा याच्या चाचण्या आठवडाभर चालल्या. मलाही बोलावलं. एमपेग-टूमध्ये नायिकेच्या साडीचा काठ लख्ख दिसायचा, पण फाइल अवाढव्य. बारक्या एमपी-फोरमध्ये तिच्या गालावर चौकोन उमटायचे.

"हा गाल आहे की फरशी, राव? रिजेक्ट."

परवा गेलो, तर तीच फरशी बायकोच्या मोबाइलमध्ये भरत होते.

"हे तर रिजेक्ट होतं ना?" मी विचारलं.

"तिच्या जुन्या मोबाइलवर मोठी फाइल सारखी अडकते. कंपनीच्या बसमध्ये बसली की चाकण येईपर्यंतच बघायला मिळतं तिला."

मग स्क्रीनला नाक लावून त्यांनी तो चौकोनी गाल पुन्हा एकदा तपासला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पास."