म्हशीचं नाव हौसा

मंडळी, आज आईचा दहावा झाला. ताम्हिणीहून तिची लहानपणची मैत्रीण पहिल्यांदाच आमच्या माले गावातल्या घरी आली.

तेवढ्यात गोठ्यातून माझी बायको म्हशीवर खेकसली, "हौसे, सरक की भवाने."

म्हातारी दचकली. "आरं, आयच्या नावानं म्हशीला शिव्या देताय व्हय?"

"मावशी, आईचं नाव सुभद्रा. म्हशीचं नाव तिनंच ठेवलंय."

"सुभद्रा लग्नातलं. म्हायेरी ती हौसाच व्हती."

आईचं हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. मामा तिला अक्का म्हणायचे, आम्ही आई. आधीची म्हैसही हौसाच होती.

संध्याकाळी धार काढताना बायको नुसतं "ए" म्हणाली. म्हटलं, नावानंच हाक मार, फक्त शिवी नको.

घरात ते नाव रोज कुणाच्या तरी तोंडी यावं, म्हणून तर आईनं ठेवलं नसेल?