मंगळवारची बाटली

आमच्या खारघरात शाळेसमोर दारूचं दुकान होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा जो मोर्चा निघाला त्यात पुढच्या रांगेत मी होते. हातात फलक, डोक्यावर पदर, घसा बसेपर्यंत घोषणा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात माझं तोंड सगळ्यांत मोठं उघडलेलं. सोसायटीच्या महिला मंडळाने तो फोटो फ्रेम करून क्लबहाऊसमध्ये लावलाय. शाळेसमोर दुकान नको हे माझं म्हणणं आजही कायम आहे, त्यात बदल नाही. पण गेल्या डिसेंबरात मला वाईनची एक बाटली हवी होती, आणि त्या फोटोने माझी भलतीच पंचाईत केली.

हवी का होती, तेही सांगते. लेक शिकायला पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. हे वाशीच्या मसाला बाजारात एका पेढीवर हिशेब बघतात. संध्याकाळी येतात, पाय धुतात, फोन घेऊन बसतात. मी टीव्हीसमोर. "दूध आणलं का?" "आणलं." झालं आमचं संभाषण. एकदा लेकीने फोनवर सहज विचारलं, "आई, तुम्ही दोघं संध्याकाळी करता काय गं?" मी म्हटलं, कुकर झालाय, ठेवते. कुकर लावलेलाच नव्हता. सगळी वर्षं आम्ही बोललो ते लेकीबद्दल, तिच्या क्लासबद्दल, तिच्या डब्याबद्दल. आता ती नाही तर आमच्या दोघांत बोलण्यासारखं काही उरलंय की नाही, याची मला खरोखर भीती वाटायला लागली.

एकतीस डिसेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. हॉल घेऊन जेवणावळ घालायची नाही, हे मी मनात पक्कं केलं. पाहुणे आले की हे खुर्च्या लावत फिरणार आणि मी पुऱ्या तळत बसणार, मग कसलं बोलणं. त्यापेक्षा आपण दोघंच. दिवाळे कोळीवाड्याचे ताजे बोंबील, दोन पेले, एक बाटली. लग्नानंतर आम्हाला फिरायला जायलाही मिळालं नव्हतं. तुर्भ्याच्या एका खोलीत सासू, सासरे, दीर आणि मधे साडीचा पडदा. तेव्हा जे राहून गेलं ते आता घरच्या घरी करायचं, असा माझा बेत होता.

आमच्या खारघरात दुकान नाही, त्याचं श्रेय माझंच. म्हणून मेट्रोने बेलापूर गाठलं. दुकानात शिरताना साताऱ्याचे माझे सगळे माळकरी मामा मागे उभे आहेत असं वाटत होतं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "जेवायला काय आहे, काकू?"

"बोंबील."

"मग पांढरी घ्या. गोड देऊ?"

"छे छे, घरात शुगर आहे. अजिबात गोड नको."

त्याने एक बाटली पुढे केली. मी ती उजेडात धरली, खाली गाळ बसलाय का बघितलं, मग उलटी करून वर्ष वाचलं. चार वर्षांपूर्वीची. मी ती परत त्याच्यापुढे सरकवली. "हा जुना माल मला नको. मागच्या फळीवरची ताजी द्या." दुधाची पिशवीसुद्धा मी खालची काढून घेते, मग ही का सोडू? तो म्हणाला, "काकू, ही जुनीच चांगली असते." मी म्हटलं, "असं सगळेच दुकानदार म्हणतात." बिचाऱ्याने स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून यंदाची काढली आणि धूळ पुसून माझ्या हातात ठेवली. बूच फिरकीचं हवं की लाकडाचं, असंही विचारलं. मी लाकडाचं म्हटलं. फिरकीची बाटली म्हणजे मला खोकल्याचं औषध वाटतं.

पिशवीत तळाशी बाटली आणि वर दोन जुड्या मेथी. घरी येऊन फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीखाली आडवी करून ठेवली. ह्यांनी जन्मात तो कप्पा उघडलेला नाही, त्यामुळे ती काळजी नव्हती.

एकतीस तारखेला दुपारी मी केस धुतले, अबोली रंगाची साडी काढली आणि बोंबील आणायला निघणार, तेवढ्यात ह्यांचा फोन. "अगं, येताना दूर्वा आणू का? की आहेत घरात?"

मी कॅलेंडरकडे धावले. दूर्वा मंगळवारी आणतात. लेक झाली तेव्हापासून हे मंगळवार पाळतात, त्या दिवशी घरात अंडंसुद्धा फुटत नाही. आणि मी शहाणीने महिनाभर नुसती तारीख बघितली होती, वार बघितलाच नव्हता. मंगळवारी बोंबील आणि वाईन म्हणजे बाप्पाच्या नाकावर टिच्चून केल्यासारखं.

हे आले तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. काय झालं, काय झालं, करत मागे आले. मी कप्पा उघडला, कोथिंबीर बाजूला केली आणि बाटली टेबलावर आणून ठेवली, ह्यांनी आणलेल्या दूर्वांच्या पुडीशेजारी.

ह्यांनी बाटली फिरवून लेबल वाचलं. मग म्हणाले, "मोर्चेवाल्या बाई, हे काय?"

"आज पंचवीस वर्षं झाली ना आपल्याला," मी म्हटलं, आणि मला रडायलाच आलं. "एक दिवस म्हटलं दोघं बसू, बोलू. तर मंगळवार निघाला."

हे खुर्ची ओढून बसले. फोन खिशातच राहिला, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी डोळे पुसून म्हटलं, "बारा वाजले की बुधवार लागेल."

"इंग्रजी बुधवार. आपला वार सूर्य उगवल्यावर बदलतो."

"पण एकतीस डिसेंबर इंग्रजीच आहे ना? मग वारही इंग्रजीच धरा."

"म्हणजे सोयीनुसार बाप्पा?"

"तुम्हीच मागे हॉटेलात मंगळवारी ऑम्लेटवाल्या तव्यावरचा डोसा खाल्लात, तेव्हा कुठे होता बाप्पा?"

"तो तवा धुतलेला होता," असं म्हणताना त्यांना हसू आवरेना. साबुदाण्याची खिचडी खात खात आम्ही त्या तव्यावर इतके भांडलो की टीव्ही लावायचा राहून गेला. शेवटी हे म्हणाले, "उद्या पहाटे दिवाळ्याला जाऊ. दोघं. बाटली काही पळून जात नाही."

थंडीत स्कूटरवर मागे बसून मी किती वर्षांनी गेले असेन कोण जाणे. खाडीवर होड्या लागत होत्या. कोळीण म्हणाली, "घे गं ताय, आताच आयलंय, पानी बघ कसं सुटलंय." ह्यांनी स्वतः बोंबील निवडले, एकेक उचलून. मला वाटायचं ह्यांना फक्त हळद-मिरची कळते.

घरी आल्यावर कळलं की बूच काढायला आपल्याकडे काहीच नाही. हे म्हणाले, "फिरकीची का नाही घेतलीस?" मी खोकल्याच्या औषधाचं सांगितलं. मग बुचात मोठा स्क्रू घातला, ह्यांनी पक्कड धरली, मी बाटली पोटाशी धरून बसले. अर्धं बूच बाहेर आलं, अर्धं आत पडलं. गाळणीतून गाळून आम्ही ती पियुषच्या पेल्यांत ओतली.

पहिला घोट घेतला आणि ह्यांनी आवळा चावल्यासारखं तोंड केलं. "ही ताजी आहे की कच्ची?" मी म्हटलं, बोंबलाबरोबर घेऊन बघा. घेतला. मग म्हणाले, "हं. आता जमतंय." गॅलरीत कोवळं ऊन आलं होतं, समोर खारघरचा डोंगर. आम्ही सकाळी साडेदहाला तळलेले बोंबील आणि वाईन घेऊन बसलो होतो.

मग ह्यांनी एकदम विचारलं, "मी तुला बघायला आलो तेव्हा तू एकदाही मान वर का नाही केलीस?"

पंचवीस वर्षांत हा प्रश्न कधी आला नव्हता. मी म्हटलं, "केली होती की. तुम्ही पोह्यांतल्या मिरच्या काढत होतात."

"तिखट होते. कोणी केले होते?"

"मीच. मुद्दाम."

"मुद्दाम?"

मी सांगणार तेवढ्यात बेल वाजली. बाहेर महिला मंडळाच्या दोघींचा आवाज. नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला आल्या होत्या. माझा हात आपोआप बाटलीकडे गेला, टेबलाखाली ढकलायला. हे उठले आणि दार अर्धंच उघडून उभे राहिले.

"वहिनी आहेत ना?"

"आहे. पण तुम्ही संध्याकाळी या."

"का हो, काही झालंय का?"

"काही नाही," हे म्हणाले. "आम्ही बोलतोय."

दार लागलं. मी बाटली तशीच टेबलावर राहू दिली. हे येऊन बसले, आपला पेला पुढे ओढला आणि म्हणाले, "हं, सांग. मुद्दाम का?"