चाकाखालचं लिंबू

एडिनबरातले आमचे शेजारी 'जय भीम' म्हणत आत येतात आणि चहाला कधी नाही म्हणत नाहीत. कुणी मुहूर्त, ग्रह काढले की चष्मा वर सरकवून एवढंच विचारतात, "पुरावा?"

लेक नव्या नोकरीसाठी बर्फातून हायलँड्सला निघणार होती, म्हणून मी तिच्या गाडीला विंटर व्हील्स बसवली. तेव्हापासून डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा इशारा देणारा पिवळा दिवा पेटलेलाच. मी पुन्हा पुन्हा हवा भरली. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं. शेवटी घाबरून बायकोने चाकाखाली लिंबू ठेवलं.

शेजाऱ्यांनी ते उचलून खिशात टाकलं. "वहिनी, हवा ठीक आहे. गाडी नव्या चाकांतले हवा मोजणारे सेन्सर ओळखत नाही, एवढंच." मग स्वतःचं यंत्र आणून त्यांनी गाडीला ती ओळख करून दिली आणि एक लांब चक्कर मारून आले. दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी लेक निघाली, तरी बायको गाडीचं दार सोडेना. शेजाऱ्यांनी खिशातून तेच लिंबू काढलं आणि वाकून चाकाखाली ठेवलं.

"अहो, पुरावा?" मी विचारलं.

"गाडीचा दिवा विझलाय," ते म्हणाले, "वहिनींचा अजून पेटलेलाच आहे."

बायकोने दार सोडलं.