किळसबाईंची बोडी

किळसबाईंना घाणीची किळस कधी आली नाही. सिंदेवाहीकडच्या आपल्या गावाहून येताना त्या डब्यात सुक्या मासोळ्यांचं कालवण आणायच्या आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या नाकासमोर उघडून चवीनं खायच्या. माझ्या ओढणीला आमच्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यातल्या लगद्याचा वास यायचा, म्हणून वर्गातल्या मुली मला बाकाच्या टोकाला बसवत. बाई शिकवताना मुद्दाम माझ्याच बाकाला टेकून उभ्या राहत. पण कुणी 'लाभार्थी' म्हणालं, की ताटात पाल पडल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं. "किळस येते मले या शब्दाची," म्हणायच्या. "माणसाले नाव नाई का?" म्हणून त्या किळसबाई. हे नाव त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या विद्यापीठात एम.ए.ला 'आंतरराष्ट्रीय विकास' हा विषय नवाच आला होता. पुस्तकं सगळी परदेशी, त्यातले गरीबही परदेशी. बाई पुस्तक वाचायला लावायच्या आणि प्रत्येक परिच्छेदानंतर एकच शब्द विचारायच्या, "काऊन?" म्हणजे, का? हा देश मागासलेला आहे. काऊन? या लोकांना प्रशिक्षणाची गरज आहे. काऊन, कोन म्हणते? तिसऱ्या 'काऊन'ला आमच्यातल्या हुशारांची बोबडी वळायची. नोकरी त्यांची कच्चीच होती, दर वर्षी नव्यानं ठरायची. मात्र पीएच.डी.साठी विलायतेला पाठवायच्या माणसांत विभागप्रमुखांनी त्यांचं नाव घातलं होतं. त्यांच्या बौद्ध वस्तीत कॉलेजचं तोंड पाहिलेल्या त्या पहिल्या. विलायतेचं नाव निघालं की एरवी फटकळ असलेली ही बाई लाजायची.

त्याच सुमारास एका परदेशी संस्थेच्या पैशातून विभागानं सिंदेवाहीपलीकडच्या एका गावाची पाहणी केली. पाहणी करणारे घाटावरचे, विभागप्रमुखही तिकडचेच. बाईंना विचारायची गरज कुणाला वाटली नाही. आता आमच्या झाडीपट्टीत बोडी म्हणजे धानाच्या शेताच्या वरच्या अंगाला खोदलेलं लहानसं तळं. धान त्याच्यावर पिकतं, मासोळी त्याच्यात मिळते. गावकरी सांगत होते, "घरोघरी बोडी हाये, पन आता सुकून गेली, काही जीव नाई राह्यला तिच्यात. तिच्याकडं कोनी पाह्यत नाई." ऐकणाऱ्यांना बोडकी तेवढी माहीत, केशवपन केलेली विधवा. त्यांनी इंग्रजीत अहवाल लिहिला: या गावात घरटी एक विधवा असून ती उपासमारीनं वाळली आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. परदेशी पाहुणे हळहळले. विधवांसाठी शिलाई मशिनी मंजूर झाल्या.

छापील अहवाल हातात पडला तेव्हा बाई आधी पोट धरून हसल्या, मग थेट विभागप्रमुखांकडे गेल्या. मी व्हरांड्यात उभी होते. आतून सरांचा गोड आवाज आला, "बाई, छापून गेलंय ते. आता बोडी म्हणजे विधवाच. तुमचे विलायतेचे कागद माझ्याच सहीनं जायचेत ना?" बाई बाहेर आल्या आणि अहवाल पिशवीत कोंबून तासाला निघून गेल्या. मला त्या वेळी सरांची किळस आली, आणि खोटं कशाला सांगू, थोडी बाईंचीही.

वाटपाच्या दिवशी गावात मांडव पडला. आम्हा विद्यार्थ्यांनाही नेलं होतं. दिवा लावायला समई, पूजेचं ताट, खुर्चीवर गोरा पाहुणा. बाई कडेला मान खाली घालून बसलेल्या. पहिलं नाव पुकारलं आणि मासोळी धरणाऱ्यांतली एक ढीवरीण उठली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मागे नवरा. 'विधवा' हा शब्द कानावर पडताच ती थबकली. "मी रांडमुंड? माहा घरवाला जित्ता उभा हाये ना!" अख्खा मांडव खदखदून हसला. सर चटकन वाकले आणि हळूच तिला म्हणाले, "फोटोपुरतं पुसा. मग लावा परत."

ती बाई बावरली. नवऱ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि पदराचं टोक कपाळाकडे नेलं. अर्धं कुंकू पुसलं गेलं.

किळसबाई उठल्या. "पुसू नोको, बाई," एवढंच म्हणाल्या. ज्या बाईनं जन्मात कुंकवाला हात लावला नव्हता, तिनं पूजेच्या ताटातलं कुंकू बोटावर घेऊन त्या ढीवरणीच्या कपाळावर लावलं. सवय नसल्यानं ते वाकडं लागलं. मग पाहुण्याकडे वळून त्यांनी शांतपणे, स्वच्छ इंग्रजीत, बोडी म्हणजे काय ते सांगितलं. पाहुणा सभ्यपणे हसला, घड्याळ पाहिलं. मशिनी वाटल्या गेल्याच.

विलायतेला दुसरंच कुणी गेलं. पुढच्या वर्षी बाईंना कामावर घेतलं नाही. आणि आमच्या शेवटच्या पेपरात प्रश्न आला: विधवा पुनर्वसनाच्या यशस्वी प्रकल्पाची चर्चा करा. प्रश्न सरांनीच काढला होता. मी बोडीवर लिहिलं. तिची पाळ, तिचा गाळ, तिच्यातल्या मासोळ्या. खाली चांगल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, "काऊन?" नापास झाले.

निकाल सांगायला बाईंच्या गावी गेले. आता त्या तिथल्या शाळेत शिकवत होत्या. उन्हाळा होता. घरच्या आटलेल्या बोडीत भाऊ-भावजयांबरोबर त्या गाळ उपसत होत्या, चिखलात गुडघ्यापर्यंत. मी काठावरूनच सगळं सांगितलं. उत्तरात काय लिहिलं तेही सांगितलं. ऐकता ऐकता बाईंनी भरलेलं घमेलं भावाच्या हाती दिलं.

"या बोडीपायीच विलायत गेली तुमची," मी म्हटलं आणि मला रडू आलं.

"रडून काऊन राह्यली?" बाई म्हणाल्या. चिखलानं भरलेला हात त्यांनी माझ्यापुढे केला. "चप्पल काढ. उतर खाली. पेपर इथी सोडव."

मी चप्पल काढली.