मोजणीच्या दगडाला शेंदूर

मोठ्या रस्त्याची मोजणी पाड्यावर आली, तेव्हा मी अच्छाडला लेकीकडे गेलो होतो. परत येऊन बघतो तर माझ्या शेताच्या मधोमध पांढरा दगड पुरलेला.

"कोणाला विचारून?"

बायको म्हणाली, "मला म्हणाले, आजी, नुसतं मोजतोय."

उपटलाच असता. पण एकट्याने दगड हलवला की केस होते, असं सगळे सांगत होते. शाळा चौथीपर्यंतही नाही झाली माझी, पण डोकं आहे. सकाळी उठून दगडाला शेंदूर फासला, नारळ फोडला. म्हटलं, आता लावा हात!

बायको शेजारणीला म्हणाली, "बघा, म्हातारा देव करायला निघाला."

"साहेबापेक्षा देव बरा," मी म्हटलं.

पुढे ग्रामसभा भरली. रस्त्याला जमीन द्यायची नाही, असं सगळ्यांनी हात वर करून सांगितलं. पहिला हात माझा. ठरलं की ज्याने त्याने आपल्या शेतातला दगड काढून पंचायतीपुढे टाकायचा. अख्ख्या गावावर केस कशी करतील? ढीग झाला. त्यात माझा दगड नव्हता.

तोवर बायका त्याच्यापुढे दिवा लावू लागल्या होत्या. कुणाच्या नातीचा ताप तिथे उतरला म्हणे. बसलेला देव असा उचलता येत नाही. रानशेतहून भगत आणला, माझा साडूच तो. त्याने सुपात तांदूळ टाकून देवाला विचारलं, "उठतोस का?" दाणे बघितले, मान हलवली. "नाही म्हणतो."

"परत विचार."

"म्हाताऱ्या, देव काय सरकार आहे, हो म्हणेपर्यंत विचारायला?"

सगळे हसले. शेत दुसऱ्याचं असतं तर मीही हसलो असतो.

मग मोजणीचा साहेब आला. म्हणाला, "बाबा, सगळ्यांचे दगड निघाले, तुमचा जागेवर आहे. तुमची हरकत नाही असं लिहू?"

"हरकत आहे!"

"मग काढा."

मागे अख्खा पाडा उभा. हात लावला तर देव उठवला म्हणून गाव माझ्या दारात पाय ठेवणार नाही. नाही लावला तर होकार. मी दगडाला टेकून खाली बसलो.

"लिहा, म्हातारा इथेच बसून नाही म्हणतोय."

"असा रकाना नाही, बाबा," म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून रोज तिथेच बसतो. दुपारी बायको नाचणीची भाकरी आणते. आधी दगडापुढे ठेवते, मग माझ्यापुढे.