गेली की सांगा

“मी हलवतो. गेली की सांगा,” असं म्हणून ते बॉनेटखाली वाकायचे आणि गिऱ्हाइकाला गाडीपुढे उभं करायचे. पापडी गावात, चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं एका शटरचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. साठीचे, सडसडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचो.

मी आचोळ्याहून त्यांच्याकडे गेलो तो माझ्या जुन्या गाडीची डावी हेडलाइट छळायला लागली म्हणून. एका खड्ड्यात जायची, पुढच्या खड्ड्यात लागायची. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने बल्ब बदलला, दुसऱ्याने स्विच. काकांनी काहीच बदललं नाही. एकेक वायर चिमटीत धरून हळूच हलवत राहिले आणि मी समोरून सांगत राहिलो, “आहे... आहे... गेली.”

“हां. बल्बचा काय दोष? अर्थिंगची वायर सैल हाय.”

हेडलाइटमागे ही वायर गाडीच्या पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज धरला होता. “खारी हवा आपली. पानी लागायला नको, तरी गंजतं.” त्यांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने जागा चकचकीत घासली, वायर पुन्हा आवळली. ती लाइट त्यानंतर कधी गेली नाही.

काम झालं तरी ते सोडत नसत. “बसा की जरा.” बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत. तुमच्या बिल्डिंगीत किती मजले, शेजारी कोन, गॅलरीतून काय दिसतं, असं काहीबाही विचारत. मी अर्धी उत्तरं देऊन घड्याळ बघायचो. तुम्हीही अशा माणसाकडे असंच बघितलं असेल.

पुढे हॉर्नच्या कामासाठी गेलो. काम आटोपून काका गाडीसमोर फडक्याने हात पुसत होते. लाइट्सही बघून घेऊ, म्हणून मी आत बसून हेडलाइट लावली. प्रकाश थेट त्यांच्या पोटावर, हातांवर पडला. ते तिथेच उभे राहून म्हणाले, “लागली का?”

मी खाली उतरलो. माझं गप्प राहणं त्यांना कळलं.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हनाला, आता गेलेली नजर परत यायची नाय. हाताला सगळं कळतं, भाऊ. पन कोनाला सांगू नका. लोक गाडी देनार नाहीत.”

“नाही सांगणार,” मी म्हणालो.

महिन्याभरात माझ्या शेजाऱ्याने चांगला वायरिंगवाला विचारला. मी काकांचं नाव घेतलं, कौतुक केलं, आणि कौतुकाच्याच भरात म्हणालो, “कमाल म्हणजे त्यांना जवळजवळ दिसत नाही.” शेजारी गेला नाहीच, वर त्याने ते चार जणांना सांगितलं. त्यांतल्या एकाची गाडी काकांकडेच असायची.

नंतर दोनदा त्या रस्त्याने गेलो, तर दुकानापुढे एकही गाडी नव्हती. काका खुर्चीवर बसलेले. मी थांबलो नाही. तिसऱ्यांदा शटर बंद होतं. बाजूच्या बेकरीवाल्याने सांगितलं, निर्मळला भाचीकडे गेले.

मी गेलो. भाची आणि जावई बाजाराला गेले होते. काका पडवीत एकटेच मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे बांधत बसले होते. आवाजावरून मला ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, “काका, तुमची गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली.”

त्यांनी गाठ पुरी केली. “ठाऊक हाय. तुमच्याशिवाय कोनाला सांगितलंच नव्हतं.”

मग ते म्हणाले, “त्याचं काय, आज ना उद्या कळनारच होतं. पन दुकानावरून तुमची गाडी दोनदा गेली. आवाज ओळखतो मी तिचा. तेव्हा थांबायचं होतं.”

त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं नाही. उन्हं उतरल्यावर निघालो, तेव्हा ते भिंतीला हात लावत फाटकापर्यंत आले. मी गाडी डावीकडे वळवली. त्याच वेळी एक टेम्पो माझ्या गाडीचा आवाज बुडवत घरासमोरून उजवीकडे गेला. आरशात पाहिलं, तर काका त्या टेम्पोच्या दिशेने तोंड करून हात हलवत होते.