टोळंबीच्या साबणात काय काय असतं

डिसेंबरातल्या एका सकाळी ताराबाईंचा फोन आला. कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. मी नागपूरला घरी साबण बनवून विकते. त्यासाठी टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल त्यांच्याकडून घेते. पावसाळ्यात मी त्यांच्या गटाला मोबाइलवरून चार रविवार साबण करायला शिकवलं होतं.

"साबण बंद केला आमी," ताराबाई म्हणाल्या. "गटातल्या सुशीलाचा हात जळला. आता बरा आहे. तुमाले तेल किती पायजे?"

दोन डबे, असं मी सांगितलं. फोन ठेवल्यावर बसच्या वेळा शोधल्या.

कारण मला आठवत होतं मी काय शिकवलं होतं ते. कॉस्टिक सोडा या शब्दाला गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून मी त्याला 'क्षार' म्हणते. वर्गातही तेच म्हणाले. "जुन्या काळी राखेतून काढायचे, तसलंच. आपल्या साबणात केमिकल नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. नागपूर ते ब्रह्मपुरी एसटीने साडेतीन तास. बायकांना तिकीट अर्धं. उमरेडपर्यंत खिडकी बंद ठेवा, थंडी फार. ब्रह्मपुरीच्या स्टँडसमोर आलूपोहे चांगले मिळतात, वरची झणझणीत तर्री मागून घ्यावी लागते. तिथून वडशाला शेअर जीप. ती भरल्यावर सुटते, आणि भरली हे ड्रायव्हर ठरवतो. आम्ही चौदा जण होतो. त्याच्या मते अजून दोघांची जागा होती.

वडशात भिंती झाडीपट्टीच्या नाटकांच्या पोस्टरांनी भरल्या होत्या. गट ज्या दुकानातून सोडा घेतो, तिथे मी गेले. दुकानदार रफीकभाई.

"या सोड्याचा नैसर्गिक प्रकार येतो का?" मी विचारलं. खरंच विचारलं.

त्यांनी पोतं माझ्याकडे वळवलं. त्यावर जळणाऱ्या हाताचं चित्र होतं. "मॅडम, कंपनीवाला खुद बोल रहा है, हात नका लावू. आता मी याले नैसर्गिक कसा म्हनू?"

मी रबरी हातमोज्यांचे बारा जोड आणि चष्मे मागितले. हातमोजे मिळाले. चष्मे वेल्डिंगवाल्याकडे मिळाले.

कुरखेड्याहून पुढे ताराबाईंच्या मुलाने मोटारसायकलवर नेलं. धानाची कापणी संपली होती, शेताच्या बांध्यांमध्ये नुसती धसकटं. सुशीलाबाई अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या, डाव्या हाताने. उजवा हात मनगटापर्यंत गुलाबी आणि चकचकीत होता. बोटं पूर्ण मिटत नव्हती.

"बसा मॅडम. चहा घेता?"

मी विचारलं, कसं झालं.

"सोड्याचा गोळा बसला होता भांड्याच्या बुडाशी. हात घालून काढला." त्यांनी शेंग सोलली. "राखेचं पानी तं मी लहानपणापासून हाताळून राह्यली. कपडे धुतो आमी त्यानं. तुम्ही म्हनलं, तसलंच आहे."

"मी नैसर्गिक म्हणाले म्हणून..."

"बिब्बा बी नैसर्गिकच आहे ना," त्या म्हणाल्या. "जंगलातच लागते. त्याचं तेल अंगाले लागलं तं फोड येते. पोट्टे बी हात लावत नाई. काऊन? त्याहीले सांगितलं असते."

यंदाच्या कापणीला त्यांना विळा धरता आला नव्हता, हे मला नंतर ताराबाईंनी सांगितलं. सुशीलाबाईंनी नाही.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मले नका म्हनू. बाकीच्या बायांसमोर सांगा."

जेवायला भात, वरण आणि वांगे-पोपटाची भाजी होती. मग समाजमंदिरात अकरा जणी जमल्या. मी सांगितलं की हा सोडा केमिकल आहे, कारखान्यात बनतो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं आणि त्याने सुशीलाबाईंचा हात जळला. मागून एकीने विचारलं, "मंग साबनात राह्यते का तो?"

"प्रमाण बरोबर असेल आणि वडी महिनाभर वाळवली, तर राहत नाही. तेलाशी मिळून त्याचाच साबण होतो. पण त्याच्याशिवाय साबण होत नाही, कुणाचाच."

"हे आधी सांगाले काय झालं होतं?"

बरोबर प्रश्न होता. मी म्हणाले, विक्री कमी झाली असती.

मग हातमोजे आणि चष्मे घालून आम्ही साबणाचा एक घाणा केला. टोळंबीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, आधी कोमट करून घ्यावं. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. सुशीलाबाई दारात उभ्या होत्या. सोडा टाकायची वेळ आली, तशी त्या आत आल्या. डाव्या हाताने उजव्या हातावर मोजा चढवायला त्यांना बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही. त्यांनी करू दिली नसती. सोडा त्यांनीच टाकला.

कुरखेड्याहून परतीची एसटी साडेचारची, नंतर काही नाही.

घरी येऊन मी लेबलं बदलली: टोळंबी तेल, खोबरेल, पाणी, कॉस्टिक सोडा. एका जंगल रिसॉर्टच्या दुकानाची ऑर्डर ठरली होती. तिथल्या मॅनेजरने विचारलं, शेवटचा शब्द काढता येईल का? मी नाही म्हणाले. ऑर्डर गेली. दोन दिवस वाईट वाटलं. चार जुन्या गिऱ्हाइकांनी 'तुम्हीसुद्धा केमिकल?' असे मेसेज केले. प्रत्येकीला उत्तर लिहिलं, दोघी राहिल्या.

फेब्रुवारीत सुशीलाबाईंचा फोन आला. गटाचा साबण घेऊन त्या कुरखेड्याच्या बाजारात बसल्या होत्या.

"एक मॅडम आली, विचारे, नॅचरल आहे का?"

"मग?"

"मी म्हनलं, तेल जंगलातलं, सोडा दुकानातला, हात माझा."

"घेतला का तिने?"

"दोन वड्या. वास घेऊन."